तुझं बोलणं मी अर्धंच आत नेलं

वत्सू, आधी माफी मागते. अक्षर वाईट आहे, आणि ऱ्हस्वदीर्घ कुठे चुकतं ते मला लिहून झाल्यावरही दिसत नाही. शाळा चौथीपर्यंत, त्यातलीही अर्धी घरी भावंडं सांभाळण्यात गेली. दवाखान्याच्या वहीत मी पेशंटांची नावं लिहायची आणि तू समोर उभी राहून उलटी वाचायचीस. "ह्या सीतारामाचो एक पाय आखूड केलंस गो," असं एकदा म्हणालीस, तेव्हा तो सीताराम बाकावरच बसला होता. बिचारा खाली वाकून आपले पाय बघायला लागला. तू सातवी पास. तुझं अक्षर छापल्यासारखं. तुला लिहिताना हात आखडतो, पण आता तू चुका काढणार नाहीस म्हणून लिहिते.

हे कुणाला दाखवायचं नाही. दुपारी दवाखाना बंद असतो. डॉक्टर गिरगावात घरी जेवायला जातात, दामूअण्णा कंपाउंडर टेबलावर डोकं टेकून झोपतात, मी बाटल्या धुऊन उपड्या घालते. मग चारपर्यंतचा वेळ माझा. बायकांच्या बाकावर बसून लिहिते आहे, तुझ्याच जागेवर. तू भिंतीकडच्या टोकाला बसायचीस.

काल तुझं बारावं झालं. तू शुक्रवारी गेलीस, आणि आपल्या हातानं गेलीस. कसं ते मी लिहिणार नाही. चाळीत त्याचीच वर्णनं चालू असतात, मी तिथून उठून जाते. त्यांना एक कारण हवं आहे. तळमजल्यावरच्या बायका म्हणतात, मुलगी गेली तेव्हाच ही अर्धी गेली होती. दुसऱ्या म्हणतात, गिरणीच्या वायंडिंग खात्यातून बायकांना काढलं ते हिनं मनाला लावून घेतलं. कोणी गणपतभावोजींना बोल लावतात, की बायको आजारी आणि हा संयुक्त महाराष्ट्रासाठी तुरुंगात जाऊन बसला. मी सगळ्यांचं ऐकते. मुलगी तर अजून कितीजणींची गेली, खात्यातून माझंही नाव तुझ्याबरोबरच कमी झालं, आणि तुरुंगात अर्ध्या लालबागचे नवरे होते. मला एक कारण सापडत नाही. मला फक्त एक दिवस सापडतो, मंगळवार, आणि त्या दिवशी मी काय केलं ते सापडतं.

पण तिथे एकदम जायला भीती वाटते. आधी दुसरं लिहिते.

खात्यात तू माझ्या शेजारच्या जागेवर होतीस. सूत तुटलं की तू अशी गाठ मारायचीस की गुंडाळलेल्या कोनवर हात फिरवला तरी लागायची नाही. माझी गाठ जाड यायची, मुकादम ओरडायचा, आणि मी मान खाली घालून ऐकून घ्यायची. तू मध्ये पडायचीस. एकदा त्याला म्हणालीस, "तिका बोलता येत नाय म्हणून तुमका चेव येता काय? माका बोला." तो पुढे गेला. मग तू माझ्यावरच उखडलीस. "तू बोलत कित्याक नाय गो? तोंडात काय चिंच धरलंस?" हा आपला वाद तिथून सुरू झाला तो शेवटपर्यंत मिटला नाही. तुझं म्हणणं, न बोलणारी बाई दुसऱ्यालाही बुडवते. माझं म्हणणं, बोलून कुणाचं भलं झालंय. मी ते मोठ्यानं कधी म्हटलं नाही, मनातच म्हणायची. तू तेही ओळखायचीस.

खात्यातून निघाल्यावर मी रिकामी, विधवा, घरात सासूबाई. ह्या दवाखान्यातली नोकरी तू मिळवून दिलीस. डॉक्टरांसमोर मला उभी केलीस आणि शुद्ध भाषेत म्हणालीस, "डॉक्टर, ही फारसं बोलत नाही. पण हिच्या हातून एक बाटली फुटणार नाही." डॉक्टर हसले. तू तिथेच थांबली नाहीस. म्हणालीस, तुमच्याकडे बायका येतात आणि निम्मं दुखणं घरी परत घेऊन जातात, कारण पुढे पुरुष बसलेले आणि तुम्हीही पुरुष. पडद्याआड एक बाक टाका. ही तिथे बसेल, बायका हिला सांगतील, ही तुम्हाला सांगेल.

म्हणजे हा बाक तू मांडलास, वत्सू. लोकांना वाटतं डॉक्टरांची कल्पना.

तो कसा चालतो ते तुला सांगायला नको, पण लिहिते, कारण सगळं त्यातच आहे. बाई येते, पदर तोंडाला लावते, माझ्या कानाशी सांगते. मी आत डॉक्टरांच्या टेबलाशी जाऊन एका वाक्यात सांगते. ते ऐकतात, बाईला बोलावतात, नाडी, जीभ, डोळे बघतात, चिठ्ठी लिहितात. दामूअण्णा मिक्स्चर भरतात, मी कागदाची पट्टी कातरून बाटलीला चिकटवते, एका खुणेएवढं सकाळी, एका खुणेएवढं संध्याकाळी. बाई ते एक वाक्य माझ्यावर सोपवते आणि तेवढ्यानंच तिचा चेहरा हलका होतो. मला पहिल्यांदा वाटलं की आपण कामाच्या आहोत.

पण एक सवयही लागली. नवऱ्यानं मारलेली बाई आली की ती सांगायची सगळं, आणि मी आत जाऊन म्हणायची, "पडल्या म्हणतात." डॉक्टर समजायचे. "कुठे पडल्या?" असं विचारून तिथे औषध लावायचे. कुणाच्या अंगावरून जायचं, तर "अशक्तपणा आहे." कोणाचंही उघडं बोलणं मी तसं आत नेलं नाही. शब्दांना पदर घालून नेलं. ते डॉक्टरांना चाले, बायकांना चाले, मला तर फारच चाले, कारण ते शब्द माझ्या तोंडून फुटलेच नसते.

मग चळवळ पेटली. त्या दिवसांत तू काय होतीस. संध्याकाळी गॅलरीत पाट टाकून बसायचीस आणि वर्तमानपत्र वाचायचीस, खणखणीत. सगळा मजला गोळा व्हायचा. मध्येच थांबून पुढाऱ्यांची नक्कल करायचीस, म्हाताऱ्यासुद्धा पोट धरून हसायच्या. गोळीबारात गेलेल्यांची नावं आली त्या दिवशी तू प्रत्येक नाव दोनदा वाचलंस. कुणी म्हटलं, एकदाच वाच की. तू म्हणालीस, त्यांच्या घरी दोनदा ऐकल्याशिवाय खरं वाटलं नसेल. भावोजी सत्याग्रहाच्या तुकडीत गेले तेव्हा तू त्यांना ओवाळलंस. ते सुटून आले तेव्हाही ओवाळलंस. पण त्या दोन ओवाळण्यांमध्ये काहीतरी झालं होतं, आणि ते मी पाहिलं होतं.

पहिल्यांदा तू डोकं दुखतं म्हणून दवाखान्यात आलीस. मग आठवड्यानं छातीत धडधड. मग पोट. मग पायांना मुंग्या. मग झोप नाही. त्या मंगळवारच्या आधी दोन महिन्यांत सात वेळा आलीस. डॉक्टरांनी तपासलं, काही सापडलं नाही. रक्त कमी आहे म्हणाले, लाल मिक्स्चर दिलं. सहाव्या वेळी ते म्हणाले, "वत्सलाबाई, आता फक्त कोपर राहिलं." तू हसलीस. तू हसलीस म्हणून मी हसले, दामूअण्णा हसले. तुझं हसणं ऐकून पडद्यापलीकडचे लोकही हसले, त्यांना काय झालं ते माहीत नसताना.

गॅलरीत तू वाचायची बंद झालीस. विचारलं तर म्हणालीस, हल्ली छपाई बारीक झालीय. दुसऱ्या दिवशी तू तांदूळ निवडत होतीस आणि कण्यांएवढे बारीक खडे काढून बाजूला ठेवत होतीस. मी उंबऱ्यात उभी राहून पाहिलं आणि परत फिरले. पंधरा दिवसांनी तू मिक्स्चरची बाटली परत आणलीस. मी पट्टीकडे पाहिलं. सहाच्या सहा खुणा भरलेल्या, एक थेंब कमी नव्हता. बाटली आली की रिकामी करून धुवायची हे माझं काम. मी ती मोरीत ओतली. लाल पाणी भोकातून गेलं, बाटली धुतली, उपडी घातली. नवी भरून तुझ्या हातात दिली. औषध का घेतलं नाहीस, हे साधं चार शब्दांचं बोलणं. ते मला मोरीपर्यंत जाताना सुचलं, परत येताना मी ते गिळलं.

आता मंगळवार.

त्या दिवशी सकाळपासून परळच्या बाजूला गडबड होती. लाठी चालली होती, धूर सोडला होता. पुढचा बाक डोळे चोळणाऱ्या माणसांनी भरलेला, एकाचं डोकं फुटलेलं, चौघांनी उचलून आणलेला. डॉक्टर टाके घालत होते. दामूअण्णा कापूस पुरवत होते. बायकांच्या बाकावर पाच जणी होत्या आणि तू भिंतीकडच्या टोकाला. तुझा नंबर आला. तू नेहमी बाकावर माझ्याशी शुद्ध बोलायचीस, थट्टा म्हणून, "यमुनाबाई, आमची तक्रार नोंदवा," अशी. त्या दिवशी माझा हात धरलास आणि आपल्या भाषेत बोललीस. आवाज अगदी सपाट होता, भाजीचा भाव सांगावा तसा.

"यमू, माझो जीव माका नको झालोहा. सकाळी जाग येता, ती कित्याक येता असां वाटता."

आणि पडद्याकडे हनुवटी केलीस.

मी उठले. पडद्यापासून टेबलापर्यंत सहा पावलं आहेत. त्या सहा पावलांत माझ्या मनात काय काय आलं ते मी ह्या बारा दिवसांत शंभरदा मोजलं. एक तर लाज वाटली, तुझीच. एवढी हुशार वत्सू, चार पुरुषांसमोर तिच्याबद्दल हे कसं बोलू. दुसरं, दामूअण्णांनी मला पूर्वी बजावलं होतं. मागच्या गल्लीतल्या एकाला तसल्या प्रकारातून वाचवून आणलं होतं, तेव्हा पोलीस दोन दिवस दवाखान्यात ठाण मांडून बसले होते. अण्णा म्हणाले होते, "हा गुन्हा असतो, बाई. वाचला तरी कोर्ट. असलं काही दवाखान्यात तोंडातून काढायचं नाही." आणि त्या दिवसांत पोलीस म्हटलं की आपल्या भागात कुणाच्या अंगावर काटा येत नव्हता? तुझ्या दारात मी पोलीस आणणार? तिसरं म्हणजे, मला वाटलं, मी ते मोठ्यानं उच्चारलं की ते खरं होईल. न उच्चारलं तर अजून तुझ्या माझ्यातलं बोलणं राहील, गॅलरीतलं.

पण तू ते गॅलरीत सांगितलं नव्हतंस. बाकावर सांगितलं होतंस. बाकावर सांगितलेलं आत न्यायचं असतं, हा नियम तूच घातला होतास. तू मुद्दाम तिथे येऊन, नंबर लावून, पाच जणींमागे बसून ते सांगितलंस. हे मला आता कळतं.

मी टेबलाशी जाऊन म्हणाले, "वत्सलाबाई. झोप येत नाही म्हणतात. जीव घाबरतो."

डॉक्टरांचे हात रक्तात होते. त्यांनी वर न बघता सांगितलं, तेच शक्तीचं मिक्स्चर द्या, आणि संध्याकाळचा चहा बंद करायला सांगा. आज आत पाठवू नका, वेळ नाही.

मी बाहेर आले आणि तुला सांगितलं, चहा बंद.

त्या संध्याकाळी तू मला चाळीच्या जिन्यात गाठलंस. इतका वेळ तू वाट बघत उभी होतीस हे मला नंतर सुचलं. विचारलंस, "आत काय सांगितलंस गो?"

मी म्हटलं, "सांगितलं."

"सगळां?"

वत्सू, "नाही" हा शब्द केवढा असतो. मी "हो" म्हटलं. तुला बरं वाटावं म्हणून नव्हे. मला तुझ्याकडून ऐकून घ्यायचं नव्हतं, की बघ, परत तोंडात चिंच धरलीस. तेवढ्यासाठी.

तू माझ्याकडे बघत राहिलीस. मग हळू म्हणालीस, "बरां. चहा बंद करूया मग." आणि वर गेलीस.

ह्यातलं भयंकर काय ते मला तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी कळलं. मी मोरीत बाटल्या धूत होते आणि हातातली बाटली सुटून फुटली. इतक्या वर्षांत पहिली. तुझ्या हिशेबानं डॉक्टरांना सगळं कळलं होतं. तुझा जीव तुला नको झाला आहे, हे एका शिकलेल्या, चांगल्या माणसानं ऐकलं, आणि त्यावर एवढंच म्हटलं, की चहा पिऊ नका. तू जिन्यात उभी राहून हेच ऐकलंस. डॉक्टर बिचारे, त्यांनी तुझं बोलणं ऐकलंच नव्हतं. तुझ्यासाठी ते दार बंद नव्हतं. मी ते उघडून दाखवलं नाही, आणि वर तुला सांगितलं की दार उघडून बघितलं, आत कोणी नाही.

पाचव्या दिवशी मी डॉक्टरांना सांगितलं. दुपारी ते जेवायला निघत होते. मी दारात उभी राहिले आणि म्हटलं, "डॉक्टर, वत्सलानं मला बाकावर सांगितलं होतं, जीव नको झालाय म्हणून. मी तुम्हाला तसं सांगितलं नाही." मी एवढं लांब वाक्य त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. ते परत आत येऊन बसले. छत्री हातातच होती. मला वाटलं, आता काढून टाकतील, आणि मला ते चाललं असतं.

मग म्हणाले, "तुम्ही सांगायला हवं होतंत. पण सात वेळा ती ह्या खुर्चीत बसली, यमुनाबाई. सात वेळा मी जीभ बघितली. मीही विचारलं नाही." आणि मग स्वतःशीच, "मी कोपराचा विनोद केला."

दामूअण्णा जागे झाले होते. ते म्हणाले, साहेब, असं विचारू नये. नसलेलं डोक्यात येतं माणसाच्या. आणि पोलिसांचं लफडं वेगळंच. डॉक्टर एकदम चिडले नाहीत. म्हणाले, "अण्णा, ताप आहे का विचारल्यानं ताप येतो का कुणाला? आणि मनात काय आहे ते डॉक्टरला सांगणं हा कुठलाही गुन्हा नाही. ते ऐकायलाच आपण इथे बसलोय."

त्या दिवसापासून नवी पद्धत आहे. जी बाई पुन्हापुन्हा येते, आज इथे दुखतं उद्या तिथे, झोप नाही, जेवण जात नाही, तिला मी आत पाठवते आणि पडदा ओढून आत थांबते. कितीही गर्दी असो. डॉक्टर साधं विचारतात, जगणं नकोसं वाटतं का? असं मनात येतं का? तुझ्यानंतर अशी पहिली बाई आली ती कॉटन ग्रीनकडची, नवी लग्न झालेली, तिचं डोकं दुखत होतं. डॉक्टरांनी विचारलं. मी डोळे मिटून घेतले, मला वाटलं ती रागावून उठेल. ती रडायला लागली. खूप रडली. मग म्हणाली, "कोणी विचारलंच नव्हतं." डॉक्टरांनी तिचा भाऊ कुठे असतो ते विचारलं, त्याला निरोप धाडला, त्याच्याशी बसून बोलले, तिला एकटीला ठेवायचं नाही म्हणून बजावलं, आणि मोठ्या इस्पितळातल्या मनाच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली. ती काल परत आली होती. बरी झालीय असं नाही म्हणत. पण आली, भावाबरोबर आली, आणि बाटली अर्धी रिकामी होती. मी ती पट्टी किती वेळ बघत राहिले. ती मला म्हणाली, मावशी, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, घेतलंस ते बरं केलंस.

तुझा राग येतो हेही लिहून टाकते. आणखी एकदा का नाही सांगितलंस? माझी मानगूट धरून का नाही विचारलंस, खरं बोल, काय सांगितलंस आत? मुकादमाला धरलंस तशी मला का धरली नाहीस? मग आठवतं, ज्याला रोज सकाळी जाग यायचीच भीती वाटते, त्याच्या अंगात दुसऱ्याची मानगूट धरायची ताकद कुठून येणार. तुझी तर आम्ही धरायची.

गणपतभावोजींना अजून सांगितलेलं नाही. ते मला दिवसाआड विचारतात, "वहिनी, तुमच्याकडे काही बोलली होती का?" मी मान हलवते. हे बघ, अजून तीच मी. पण आज संध्याकाळी त्यांच्याकडे जाणार आहे आणि सगळं सांगणार आहे, जिन्यातलंसुद्धा. त्यांनी हाकललं तर हाकलू दे. न बोलणारी बाई दुसऱ्यालाही बुडवते, ह्या आपल्या वादात तुझं खरं होतं, वत्सू. तुझं खरं ठरायला हे व्हायला नको होतं.

आता फक्त गुरुवार राहिला. तो मी डॉक्टरांनाही सांगितलेला नाही.

गुरुवारी तू दुपारी दवाखाना उघडल्याउघडल्या आलीस. गर्दी नव्हती. केस नीट विंचरलेले, हिरवं लुगडं, चेहरा धुतल्यासारखा. किती दिवसांनी तुझ्या कपाळावरची ती आठी गेली होती. मला वाटलं, चहा बंद केल्यानं गुण आला. खरंच असं वाटलं. देवाचे आभार मानले मनात, की मी उगाच तोंड उघडून गावभर केलं नाही ते बरं झालं.

तू बाकाकडे आलीच नाहीस. सरळ दामूअण्णांच्या खिडकीशी गेलीस आणि म्हणालीस, "अण्णा, माझं किती होतं?"

आपल्याकडे सगळ्यांचंच थोडंथोडं राहतं, पगाराला देतात, पुन्हा राहतं. कुणी विचारत नाही आणि कुणी पूर्ण देतही नाही. अण्णांनी वही उघडली, बोटांवर आकडे मोजले. सव्वातेवीस रुपये निघाले. तू पदराची गाठ सोडलीस. मला नंतर कळलं की आदल्या दिवशी तू लग्नातला तांब्याचा हंडा मोडीत घातला होतास. तेव्हा कळलं नव्हतं. अण्णा नोटा बघून म्हणाले, "काय वत्सलाबाई, मुंबई मिळाली की काय आज?"

तू म्हणालीस, "मिळेल तेव्हा मिळेल. माझी बाकी कोणाकडे राहायला नको."

मग माझ्याकडे वळलीस आणि माझ्या हातात दोन रुपये ठेवलेस. ते कधीचे तेही मला आठवेना. मी म्हटलं, राहू दे गं, पुढच्या महिन्यात दे. तू माझी बोटं मिटवलीस, एकेक करून, आणि म्हणालीस, "नाय. आजच घे."

तुझा हात गार होता. मी विचारलं नाही. तू पायरी उतरून गेलीस, सावकाश, मागे न बघता. अण्णांनी नोटा पुन्हा मोजल्या, तुझ्या पानावर आडवी रेघ मारली, खाली लिहिलं, पूर्ण चुकते. मग वही मिटून मला म्हणाले, "बघा यमुनाबाई, पेशंट असावेत तर असे."

मी हो म्हटलं.